मोहाखालच्या साड्या

बुधी वाघे हिच्यावर अन्याय झाला. यंदाच्या धुळवडीला, सकाळी, ऊन तापायच्या आत, शहापूर तालुक्यातल्या हेदवाडीत. तिने वणवा थांबवला आणि वणवा लावल्याच्या गुन्ह्यात तिचंच नाव लिहिलं गेलं.

हे मी आधी सांगते, कारण प्रवासाबद्दल लिहिताना आधी डोंगर, मग चहा आणि जागा उरली तर माणसं, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. डोंगर यात आहेत, चहाही आहे. पण मी तिकडे गेले ती या एका बाईसाठी. जंगलासाठी काम करणाऱ्या आमच्या संघटनेला तिच्यावर एक पानाचं पत्रक हवं होतं. पत्रक लिहून झालं, वाटलंही. त्यात जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

हेदवाडी

मुंबईहून लोकलने आसनगावपर्यंत कसं जायचं ते तुम्हाला माहीत आहे. पुढे शहापूरहून जीप आणि शेवटी पाय. वाट एका उतारावर वळते आणि खाली भातसा धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. मार्चातही भरपूर. माझ्या मुलुंडच्या घरात नळाला जे येतं ते हेच. हेदवाडीतल्या प्रत्येक झोपडीतून ते दिसतं आणि हेदवाडीतल्या एकाही हंड्यात ते येत नाही. बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा उकरतात, त्याला डवरा म्हणतात, आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीने हंड्यात भरत बसतात. मी पहिल्याच दिवशी तिथे उकिडवी बसले आणि घाईघाईने वाटी घातली, तर सगळा डवरा गढूळ झाला. सोनी हिलम, वाडीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई, माझ्या हातातून वाटी काढून घेत म्हणाली, "बाय, तुज्या घरी पानी धावत येतं. आमचं झोपून येतं. त्याला उठवू नको."

वाडी कातकऱ्यांची. जमीन कुणाच्याच नावावर नाही. दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर निघायची, दारात काटेरी फांदी आडवी लावून, ती थेट पावसाच्या तोंडावर परत. यंदा बऱ्याच दारांत ती फांदी नव्हती. ज्यांनी ती लावली नाही त्यांनी मोहावर भरवसा ठेवला होता.

मोहाची फुलं पहाटेपासून गळतात. खाली पाचोळा असला तर ती दिसत नाहीत, म्हणून सगळीकडे आधी पाचोळा जाळतात आणि साफ जमिनीवरून फुलं वेचतात. पेटवलेला पाचोळा सांगितल्या जागी थांबतोच असं नाही, आणि मग डोंगर जळतो. हेदवाडीच्या बायकांनी हे बंद केलं. बुधीने सुरुवात केली. जुन्या साड्या एकमेकींना जोडून शिवल्या, झाडाखाली खुंट रोवले आणि कंबरेच्या उंचीवर साड्या ताणून बांधल्या. फुलं सरळ साडीत पडतात. माती लागत नाही, काळी पडत नाहीत. बायकांचा गट ती वाळवतो, पुढे बियांचं तेल काढतो आणि हे सगळं चांगल्या भावाने विकलं जातं. जाळायची गरज उरली नाही, म्हणून जंगल राखायची गरज वाटू लागली. वाडीने उतारावर आडवी जाळरेषा काढली, म्हणजे गवत-पाचोळा झाडून केलेला मोकळा पट्टा, आग ओलांडू नये म्हणून. उन्हाळाभर पाळीपाळीने राखण केली, आणि वनखात्याने ती वाडीकडेच सोपवली. रेषेच्या वरचं जंगल गेली काही वर्षं जळलेलं नाही. मी त्यात फिरले. ऐनाची माझ्या खांद्याइतकी नवी रोपं उभी आहेत. कुणी लावलेली नाहीत. फक्त कुणी जाळली नाहीत.

बुधीचं वय विचारलं तर ती म्हणते, "धरनाचा काम चालू होता तवा मी आयसच्या पाठीवर होते." बारीक, उंच, बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणारी. संध्याकाळी तिने नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी दिली आणि काळा चहा. मी आमची जुनी पत्रकं तिच्यासाठी नेली होती. 'जंगल सर्वांचं' असं त्यावर मोठ्या टायपात होतं. सोनीने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि हसत सुटली.

"सर्वांचा कसा? तो वरचा मोह माजा. त्याच्या बाजूचा माज्या नंदेचा. बुधीचा खाली एकटा. तू जा नि नंदेच्या मोहाखाली येचून बघ, मंग सांगते सर्वांचा कुनाचा."

वाडीचा कायदा असा आहे. प्रत्येक मोहाला एक घर आहे. जमीन कुणाची का असेना, झाड आईकडून मुलीकडे किंवा सुनेकडे जातं, आणि दुसरीच्या झाडाखाली तिला विचारल्याशिवाय कुणी फूल उचलत नाही, फांदी तोडत नाही, काडी तर ओढतच नाही. हा कायदा समजल्याशिवाय धुळवडीला काय झालं ते समजणार नाही.

जळलेला मोह

दुसऱ्या दिवशी बुधी आणि सोनी मला आग लागली त्या उतारावर घेऊन गेल्या. उताराच्या पायथ्याला फार्महाउसचे प्लॉट पडले आहेत. तारेचं कुंपण, आत हिरवळ, पोहायचा हौद, दोन मजली बंगला. मालक शेठ मुंबईत असतो. धुळवडीच्या सकाळी त्याच्या माणसांनी कुंपणाची कड साफ करायला वाळलेलं गवत पेटवलं. बायका वर फुलं वेचत होत्या. धूर दिसला तेव्हा आग कुंपणापासून सुटून उतार चढत होती.

"खालून वारा," सोनी म्हणाली. "आग अशी येत होती, जसा कुनी तिला हाका मारतंय."

जाळरेषा पुरी पडणार नव्हती. आग मोठी असली की ठिणग्या रेषेवरून उडतात. अशा वेळी एकच उपाय. रेषेच्या खालच्या कडेला आपणच आग लावायची आणि ती येणाऱ्या आगीच्या अंगावर सोडायची. मधलं गवत आधीच जळून गेलं की मोठ्या आगीला खायला काही उरत नाही. पण त्या जागी, रेषेच्या खाली, एकच मोह होता. बुधीचा. त्याच्याखाली तिच्या साड्या ताणलेल्या होत्या, फुलांनी भरलेल्या.

मी विचारलं, "मावशी, साड्या सोडून घ्यायला वेळ नव्हता?"

"होता."

"मग?"

"साड्या सोडत बसले असते तर सोनीचा मोह गेला असता," बुधी म्हणाली. "दुसरीच्या झाडाखाली आग देता येत नाय. माज्या झाडाखाली मी देऊ शकते. दिली."

आग रेषेवर थांबली. बायकांनी उरलेल्या ठिणग्या ओल्या डहाळ्यांनी झोडून विझवल्या. तासाभराने वनरक्षक आला. शेठच्या माणसाने फोन केला होता की कातकरी लोकांनी मोहासाठी डोंगर पेटवला. वनरक्षकाने काजळीने माखलेल्या बायकांना विचारलं, आग कुणी लावली. बुधीने तिच्या समोरच्या काळ्या पट्ट्याकडे बोट केलं आणि सांगितलं की ही मी लावली, ती खालची कुंपणवाल्यांनी. त्याने पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्याला पुरावा काय, म्हणाला.

नंतर वनखात्याकडून कळवण्यात आलं की राखण करणाऱ्या गटाची प्रमुख बाईच आग लावत असेल तर राखण वाडीकडे ठेवायची का, याचा विचार करावा लागेल. त्याआधी जागेची पाहणी होईल. म्हणजे पाहणीत बुधीचं नाव सुटलं नाही, तर राखण जाणार, राखण गेली की रेषेच्या वरचं जंगल उघडं पडणार, आणि पुढच्या दिवाळीला दारांत काटेरी फांद्या.

आमच्या वकिलांनी मला फोनवर सोपा मार्ग सांगितला होता. बाईंनी एवढंच म्हणावं की मी काहीही पेटवलं नाही, त्यांच्याविरुद्ध दुसरा साक्षीदार नाही. मी तो बुधीला सांगितला. ती त्या वेळी जळून कडक झालेला साडीचा काठ खुंटावरून सोडवत होती.

"नाय लावली कसं सांगू? लावली ना मी. माज्या हातानं. ती लावली म्हनून वरचा डोंगर हाय. नाय लावली सांगितलं तर तो कुनी राखला?"

मला तिचं म्हणणं पटलं. वकिलांना अजून पटलेलं नाही.

परतताना मी वाट सोडून शहाण्यासारखी आडवी गेले आणि खाजकुइलीच्या सुक्या शेंगांत शिरले. ज्यांना माहीत नाही त्यांनी माहीत करून घ्यायच्या भानगडीत पडू नये. मान, हात, पोटऱ्या, सगळीकडे सुया. पाणी मागितलं तर दोघी ओरडल्या की पाणी लावू नको, आणखी पसरेल. मग ताजं शेण आणलं आणि माझ्या दोन्ही हातांना, मानेला चोपडलं. सुकल्यावर खरवडून काढलं. कूसही निघाली. सोनी म्हणाली, "आता तू फोटो काढ. खाली लिव, शहराची बाय जंगल वाचवताना."

सिद्धगडाच्या पायथ्याशी

पाहणीला वाडीबाहेरचा माणूस हवा, हे बुधीनेच ठरवलं. तिच्या डोक्यात माणूसही होता. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाखालच्या एका गावात कोंडाजी आगिवले राहतात. भात-नाचणीची स्वतःची शेती, सातबाऱ्यावर नाव. सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाचं बोलणं साहेबांच्या कानात लवकर शिरतं. हे मला संतापाने सांगावंसं वाटतं, बुधीने ते हवामान सांगावं तसं सांगितलं.

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून पुढची एसटी चुकली आणि बुधी आणि मी पेंढा वाहणाऱ्या टेम्पोत बसून गेलो. समोर सिद्धगड असा उभा की मान मागे टाकावी लागते. त्याच्या अंगावर जंगल अजून दाट आहे, मार्चातही हिरवं. पायथ्याची खाचरं मात्र काळी-काळी दिसत होती. राब भाजून झाले होते. भाताची रोपं जिथे पेरायची त्या तुकड्यावर इकडे उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून भाजतात. तो राब. आग लावणं हे इथे शेतीचंच काम आहे, आणि ती कशी लावायची हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

कोंडाजींच्या ओटीवर त्यांची बायको पारूबाई तांदूळ पाखडत होती. बुधी खालच्या पायरीवर बसली.

"वर ये गो. पायरीवर काय बसलीस?"

"इथं वारा हाय."

"वारा वरपन हाय. ये."

बुधी वर आली, पण भिंतीला टेकली नाही. हे मी बघत होते. पारूबाईही बघत होती, आणि तिने सूप बाजूला सरकवून बुधीला आपल्या शेजारी जागा केली. पूर्वी अशा ओटीवर कातकरी बाईला जागा नव्हती. आज आहे, पण बुधीचं अंग अजून पायरीवरच होतं.

जेवायला उडदाचं घुटं आणि तांदळाची भाकरी. घुट्यात लसूण एवढा की माझ्या आईने तेवढ्यात महिना काढला असता. मी तीन वेळा मागून घेतलं.

कोंडाजींनी जेवताना सांगितलं की साड्या बांधायचं ते हेदवाडीत जाऊन शिकले. "गावात सगळे हसले. म्हनले, कातकऱ्यांकडून शिकून आला. मग हिनं बांधल्या. आता आमच्या लग्नातल्या शालूत मोह पडतो. मला तर तो शालू कधी धरू दिला नाय."

"धरायला आलेले कधी?" पारूबाई म्हणाली. बुधी पदरात हसली.

मग बुधीने काम सांगितलं. ओटीवर कोंडाजींचा पुतण्या होता, कल्याणला नोकरी शोधणारा. तो मधेच म्हणाला, "काका, त्यांच्या केसमध्ये तुमी कशाला? तालुका वेगळा, जात वेगळी. उद्या आपल्याकडं येतील ते चौकशीला."

"येतील तर साड्या दाखवीन."

"टाइम जाईल तुमचा."

"माजा टाइम तुला कधीपासून लागायला लागला?" कोंडाजी म्हणाले, आणि बुधीकडे वळले. "खालून वारा होता ना?"

"खालून."

"आनि तू रेषेवरून खाली आग सोडली."

"हा."

"मग बरोबर. राब भाजताना आमी तसंच करतो. वाऱ्याच्या समोरून पेटवायचा, मग तो हळू चालतो. डोंगर पेटवायचा असता तर तू खालून पेटवला असता. हे साहेबाला कळंल. नाय कळलं तर मी काडी ओढून दाखवतो."

"काडी नको," मी घाईने म्हणाले.

पाहणी

पाहणीच्या सकाळी मी डोंगरावर पोचले तेव्हा मोहांखाली रंग दिसले. जुन्या साड्या काही आगीत गेल्या होत्या, काही विझवताना फाटल्या होत्या. त्यामुळे बायकांनी पेटीतल्या काढल्या होत्या. सोनीने तिची हळदीची पिवळी साडी बांधली होती. मी विचारलं, खराब होणार नाही का. "होऊ दे," ती म्हणाली. "साहेबाला बघू दे कोन कशाला आग लावतो." प्रत्येक बाई आपापल्या झाडाखाली उभी होती. बुधी रेषेखाली, आपल्या काळ्या मोहाखाली. तिच्या खुंटांना काही बांधलेलं नव्हतं. तरीही वरच्या फांद्यांतून तुरळक फुलं पडत होती, राखेत.

पाहणीला आलेला वनपाल, म्हणजे त्या वनरक्षकाचा वरिष्ठ, शांत, पोक्त माणूस होता. मला भांडायला वाईट माणूस हवा होता, तो मिळाला नाही. त्याने सगळा उतार चालून पाहिला. रेषेच्या वर जळलेलं काही नाही, हे पायाने पाचोळा उकरून स्वतः बघितलं. कोंडाजींनी वारा, राब, उलटी आग हे सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं.

"तुम्ही त्या दिवशी इथे होतात का?"

"नाय. मी गावाला होतो."

"म्हणजे बाईंनी मधली आग का लावली ते तुम्ही सांगताय. ते मला पटतंय, मी तसं लिहीन. पण पहिली आग खाली कुंपणाजवळ लागली, हे पाहिलेलं कोण आहे?"

सगळ्या बायका एकदम बोलल्या. त्याने हात वर केला.

"वाडीतलं कुणी नको. तुम्ही सगळे एका बाजूचे."

"मंग जंगलाला इचारा," सोनी म्हणाली. "तो कुनाच्या बाजूचा हाय ते बघून घ्या."

प्लॉटच्या वॉचमनला बोलावलं होतं. तो म्हणाला, त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. म्हणताना तो बुधीकडे बघत नव्हता. मला त्याचा राग आला. बुधी म्हणाली, "जाऊ दे. त्याला तिथं राहायचं हाय." आणि तिने हात लांब करून खालच्या बंगल्याची गच्ची दाखवली.

"साहेब, तिथं मानसं होती. पाहुनी. रंग खेळत होती. आग चढायला लागली तशी गाना बंद झाला नि सगली कठड्याला आली. मोबाइल धरून उभी राहिली. आमी वरून त्यांना बघत होतो, ती खालून आमाला. त्यांनी सगला बघितलाय."

"नावं?"

"त्यांची नावं मला कुठून ठावूक?"

वनपालाने शेठकडे पाहुण्यांची नावं मागायचं कबूल केलं. शेठने अजून दिलेली नाहीत. पाहुणे होते हेच त्याला आठवत नाही. तोवर बुधीचं नाव गुन्ह्यात आहे, आणि राखणीचा निर्णय थांबला आहे. वाडीने राखण मात्र थांबवलेली नाही. मी निघाले त्या दुपारी बुधी रेषेवरचा नवा पाचोळा झाडत होती, आणि बाकीच्या जणी आपापल्या मोहाची एक एक टोपली फुलं तिच्या अंगणात ओतून जात होत्या.

आता तुमच्याशी बोलते. हे वाचणाऱ्यांत कुणीतरी असा आहे, जो यंदाच्या धुळवडीला शहापूरच्या त्या बंगल्यात होता. किंवा ज्याच्या ऑफिसात, इमारतीत, नात्यात कुणी होता आणि नंतर तो व्हिडिओ ग्रुपवर आला होता, डोंगर जळतोय म्हणून, खाली दोन रडके चेहरे टाकून. तुम्ही पाहिलंत की आग कुंपणापासून निघाली. तुम्ही पाहिलंत की वर एक बाई स्वतःच्या साड्यांना आग लावत होती. मला तुमची हळहळ नको, वर्गणी नको, पत्रक पुढे पाठवलंत तरी उपकार नाहीत. तो व्हिडिओ पुसू नका. तो घेऊन शहापूरला या, वनपालासमोर उभे राहा, आपलं नाव सांगा आणि काय पाहिलं ते तोंडाने सांगा. बुधीने तिचं नाव सांगितलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं की परवडेल का.